शुद्धिपत्र नसलेले पुस्तक

गेल्या उन्हाळ्यात आपांचा फोन आला. आपा म्हणजे माझ्या थोरल्या बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील पुस्तकाची बारीक अक्षरे त्यांना सोसत नाहीत, म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना एक टॅब्लेट आणून दिला. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, रात्री दिवा न लावता वाचता येते, यावर त्या बेहद्द खूश आहेत.

त्या दिवशी मात्र आवाजात राग होता. "तू त्या कथासंग्रहावर जे लिहिलंस ते वाचलं. रुखसानाने कागद फाडला म्हणतोस. कधी फाडला? ती तर सही करते!"

मी म्हणालो, "आपा, तुमचं शेवटचं पान वाचायचं राहिलं असेल."

"बत्तीस वर्षं पोरांना शेवटच्या पानापर्यंत वाचायला शिकवलं मी. मलाच सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांचा टॅब्लेट आणि माझा फोन चहाच्या ट्रेजवळ शेजारी शेजारी ठेवले. पुस्तकाचे नाव तेच, मुखपृष्ठ तेच, लेखकाचे मनोगतही तेच. कथेचा शेवट मात्र वेगळा होता. आपाही बरोबर होत्या आणि मीही बरोबर होतो. पुस्तक दोन झाले होते, आणि तसे सांगणारी एक ओळही त्यात कुठे नव्हती.

ज्यांच्या कथेबद्दल मी बोलतो आहे ते माझे मित्र आहेत. त्यांनी स्वतःच ई-पुस्तक काढले आणि स्वतःच ते बदलले. त्यांचे नाव घेत नाही, कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्यातले अनेक लेखक आज याच वाटेवर आहेत. म्हणून त्या दोन शेवटांपासूनच सुरुवात करतो.

कथा साधी आहे. बाप गेल्यानंतर थोरला भाऊ रुखसानाला माहेरी बोलावतो. घर आणि मागची जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून तिने हक्कसोडपत्रावर सही करावी, असे त्याला वाटते. तो दुष्ट नाही. कर्जात आहे, बहिणीवर त्याचा जीवही आहे. आपांच्या प्रतीत रुखसाना सही करते. मोबदल्यात काही मागत नाही, फक्त अम्मीचे पानदान मागते. एसटीत पानदान मांडीवर घेऊन बसते, आणि कंडक्टर आल्यावर विचारते की याचे वेगळे तिकीट लागते का. कथा तिथे संपते.

माझ्या प्रतीत रुखसाना हक्कसोडपत्र फाडते आणि दीड पान बोलते. बोलते ते सगळे खरे आहे. मुलीचा वाटा, भावांची सोय, 'बहीण मागत नाही' याचे समाजात होणारे कौतुक, यांतला एक शब्दही मला खोडायचा नाही. परंतु इतका वेळ न बोललेली रुखसाना अचानक परिसंवादातल्या वक्त्यासारखी बोलू लागते. परीक्षणात मी नेमके हेच लिहिले होते: लेखकाने शेवटी पात्राच्या हातून कथा काढून घेतली. आपांनी वाचलेल्या शेवटात हा दोष नव्हता. तिथे रुखसाना हरते, आणि ती हरल्यामुळे वाचकाला चैन पडत नाही. सही केलेल्या हाताने ती पानदान धरते. जमिनीच्या वाट्याचा हिशेब कोणी केला नाही, पानदानाच्या तिकिटाचा हिशेब मात्र ती स्वतः विचारते. त्या एका प्रश्नात जे आहे ते दीड पानाच्या भाषणात नाही.

म्हणजे मी दोष दिला तो दुसऱ्या पुस्तकाला. पहिले पुस्तक मी वाचलेच नव्हते. परीक्षणात हे नमूद करायला हवे होते, परंतु पुस्तकाचा मजकूर बदलला आहे हे मला कळणार कसे?

मी मित्राला विचारले. त्यांनी काही लपवले नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढायला त्यांनी फाईल उघडली होती. तोवर काही वाचकांचे अभिप्राय आले होते. 'बाईला असे हरवू नका', 'शेवट अपुरा वाटतो', आणि त्याखाली दोन किंवा तीन तारे. दुसरीकडे एका नातेवाइकाला ही गोष्ट आपल्याच घराची आहे असा संशय आला होता. तेव्हा त्यांनी शेवट बदलला आणि भावाच्या कर्जाचा प्रसंगही थोडा सौम्य केला. मग तीच फाईल पुन्हा चढवली. "दुरुस्तीच केली," ते म्हणाले. मी विचारले, "जुनी फाईल?" ते थोडा वेळ गप्प राहिले. जुनी फाईल उरली नव्हती. त्याच फाईलवर त्यांनी काम केले होते.

मित्राला दोष देणे सोपे आहे, पण ई-पुस्तक आपल्याकडच्या लेखकाला का हवे झाले हे आधी पाहिले पाहिजे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाचे पहिले पुस्तक बहुधा पदरमोड करूनच निघते. पाचशे प्रती छापायच्या, त्यांतल्या शंभर वाटायच्या, पन्नास विकायच्या आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली सरकवायचे, हे चित्र आपल्या घरांत नवे नाही. छापताना राहिलेली चूक त्या पाचशेच्या पाचशे प्रतींत कायमची राहते. अशा लेखकाला घरी बसून, छपाईचा खर्च न करता पुस्तक प्रसिद्ध करता येणे आणि चूक दिसताच ती दुरुस्त करता येणे, ही फार मोठी गोष्ट आहे. ॲमेझॉनने २००७ मध्ये अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र आणले, तेव्हाच लेखकांना थेट पुस्तक प्रकाशित करण्याचे दालनही उघडले. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके त्या दुकानात आली. त्याआधीपासून ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था विनामूल्य मराठी ई-पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवत होत्याच. प्रकाशकाच्या दारात तिष्ठत बसण्याची सक्ती यामुळे कमी झाली, हे मान्य केले पाहिजे.

वाचकांच्या मदतीने पुस्तक सुधारते, याचेही चांगले उदाहरण आहे. अमेरिकेतील अँडी वीअर यांनी 'द मार्शियन' ही मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने लिहिली. विज्ञानातल्या चुका जाणकार वाचक कळवत गेले आणि ते दुरुस्त करत गेले. २०११ मध्ये ती त्यांनी स्वतःच किंडलवर ९९ सेंटला ठेवली, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. गणित चुकले असेल तर ते सुधारलेच पाहिजे. रुखसानाची सही मात्र गणितातली चूक नव्हती. हा फरक आपण विसरतो, कारण लेखकापुढच्या पडद्यावर दोन्ही कामांसाठी बटण एकच असते.

मराठी ई-पुस्तकाला दुरुस्तीची गरज इतरांपेक्षा जास्त लागते, हेही खरे. आपले बरेचसे लेखन जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले आहे. ते युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्या अक्षरावर जातो, वेलांट्या सरकतात, 'दुसऱ्या'मधला अर्धा र तुटून पडतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात ते वेगवेगळ्या युक्त्यांनी लिहिलेले सापडते. आपल्या लेखनात आणखी एक अडचण असते. उर्दू शब्दांसाठी कोणी नुक्ता देतो, कोणी देत नाही. नुक्त्याचा 'ज़' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु काही ॲपमध्ये शब्द शोधायला गेले की एक सापडतो आणि दुसरा निसटतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीला तर आपले दखनी संवाद म्हणजे चुकांचे आगरच वाटते. एका हस्तलिखितात मी 'अम्मी'चे सगळीकडे 'आम्ही' झालेले पाहिले आहे. "आम्ही पानदान ठेवून गेली" असे वाक्य वाचकाच्या हाती पडले तर लेखकाने ते त्याच रात्री दुरुस्त करावे. त्याला कोण हरकत घेईल?

तेव्हा दुरुस्तीला माझा विरोध नाही. ती न सांगता होते, याला आहे.

ही दुरुस्ती कशी होते ते थोडक्यात सांगतो. लेखक नवी फाईल चढवतो. नव्या ग्राहकाला नवा मजकूर मिळतो. ज्यांनी आधीच पुस्तक घेतले आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचेलच असे नाही. किंडलच्या व्यवस्थेत बदल किती गंभीर आहे हे कंपनी पाहते आणि त्यावरून जुन्या ग्राहकांना कळवायचे की नाही ते ठरवते. वाचकाने आपोआप अद्ययावत करण्याची सोय चालू ठेवली असेल तर नवा मजकूर त्याच्याकडे परस्पर येतो. बंद असेल तर जुनाच राहतो. ग्रंथाचा ओळखक्रमांक बदलत नाही. आपल्या खुणा आणि टिपांची साठवण चालू नसेल तर नव्या मजकुराबरोबर त्याही जाऊ शकतात. आपांच्या टॅब्लेटवर ही आपोआपची सोय बंद होती, माझ्या फोनवर चालू होती. एकाच कथेचे दोन शेवट आम्हा भावाबहिणीत वाटले गेले त्याचे कारण एवढेच.

छापील पुस्तकात हे कसे होत असे? जुनी मराठी पुस्तके काढून पाहा. शेवटी किंवा सुरुवातीला एक पातळ कागद चिकटवलेला असे: शुद्धिपत्र. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. लेखक आणि मुद्रक दोघेही वाचकासमोर कबुली देत. जे चुकले ते मुख्य पानावर तसेच राही आणि दुरुस्ती तिच्या जागी वाचायला मिळे. आणि बदल मोठा असेल तर दुसरी आवृत्ती निघे, तिला तारीख असे, बहुधा नवी प्रस्तावनाही असे. आजही आयएसबीएनचा संकेत असा आहे की मजकुरात लक्षणीय बदल केला तर नवा क्रमांक घ्यावा. किरकोळ मुद्रणदोषांसाठी तो लागत नाही. किंडलवर पुस्तक ठेवायला आयएसबीएन सक्तीचा नाही. त्यामुळे हा संकेतही लेखकाला अडवत नाही.

मराठी वाङ्मयात याहून जुना आणि थोर दाखला आहे. पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पण हे काम त्यांनी गुपचूप केले नाही. आपण काय केले आणि कोणत्या वर्षी केले, ते त्यांनी ग्रंथाच्या शेवटी ओव्यांत नोंदवून ठेवले. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाला हात लावताना एकनाथांसारख्या माणसालाही तारीख आणि सही आवश्यक वाटली. आपल्याला आपल्याच कथासंग्रहात ती नकोशी का वाटावी?

दुसरा दाखला गालिबचा. १८६१ मध्ये दिल्लीच्या मतबा-ए-अहमदीत त्याचा उर्दू दीवान छापून झाला आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की तो हैराण झाला. त्याने एक प्रत स्वतः दुरुस्त केली आणि तिच्यावरून १८६२ मध्ये कानपूरच्या निजामी मतबात नवी आवृत्ती छापली गेली. म्हणजे लेखकाने आपले पुस्तक 'अद्ययावत' केले, पण १८६१ ची प्रत ज्याने घेतली होती तिच्यातली अक्षरे रात्रीतून बदलली नाहीत. अभ्यासक दोन्ही शेजारी ठेवू शकले. याच गालिबने तरुणपणी लिहिलेले कितीतरी शेर पुढे दीवानातून गाळले. आपल्या लेखनाची निवड करण्याचा तो कवीचा अधिकार होता आणि त्याने तो बजावला. तरीही १८२१ ची एक हस्तलिखित प्रत भोपाळमध्ये उरली आणि शंभर वर्षांनी, १९२१ मध्ये, 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून छापली गेली. चोवीस वर्षांचा गालिब कसा लिहीत होता हे आपल्याला त्यामुळे समजते. तो नुस्खा कोणाच्या तरी कपाटात राहिला, आणि लेखकाचा हात तिथवर पोहोचला नाही, म्हणून हे घडले. कवीचा निर्णय आणि वाचकाची प्रत या दोन्ही गोष्टी शिल्लक राहिल्या. साहित्याचा इतिहास लिहायला या दोन्ही लागतात.

ई-पुस्तकात कपाट वाचकाचे दिसते, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडेही असते. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. ज्याने त्या विकायला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफीही मागितली. परंतु एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकाबरोबर काढलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतले शब्द प्रकाशकांनी बदलल्याचे उघड झाले. ज्यांनी ई-पुस्तके आधीच विकत घेतली होती त्यांच्या प्रतीही आपोआप बदलल्याच्या बातम्या वृत्तपत्रांनी दिल्या. डाल १९९० मध्येच वारले होते. गदारोळ झाल्यावर जुना मजकूरही छापत राहू, असे प्रकाशकांनी जाहीर केले. बदल योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. माझा मुद्दा त्याआधीचा आहे. छापील 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' ज्याच्या कपाटात होते त्याला वाद घालायला आधार होता. बदललेली ई-प्रत ज्याच्याकडे होती त्याला आपल्याच स्मरणावर विसंबावे लागले, आणि स्मरणावर कोण विश्वास ठेवतो? मी आपांवर ठेवला नाही.

यावर कोणी म्हणेल, पीडीएफ बरी. ती बदलत नाही. हे खरे आहे. व्हॉट्सॲपवरून गावोगाव गेलेली पीडीएफ लेखकालाही परत आणता येत नाही. पण फोनवर ती वाचणे म्हणजे प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करायची आणि डावीउजवीकडे सरकवायची. आपांनी ते दोन दिवस केले आणि सोडून दिले. वाचकाच्या डोळ्यांचीही काही कदर हवी. ई-पुस्तकाचे मोठे होणारे अक्षर हे आपल्या घरांतल्या कितीतरी वयस्क वाचकांसाठी वाचन चालू राहण्याचे एकमेव साधन आहे. तसेच घरात कोण काय वाचते याची चौकशी होते तिथे मुखपृष्ठ न दिसणारे पुस्तक हा एखाद्या सुनेला वा मुलीला मिळालेला मोठा दिलासा असतो. हेही ई-पुस्तकानेच दिले.

काही गोष्टी मात्र त्याने नेल्या. छापील पुस्तकातले एखादे वाक्य मला आठवते ते डाव्या पानावर, वरून चौथ्या-पाचव्या ओळीत. पडद्यावर अक्षर मोठे केले की पानच सरकते, आणि उरते ती टक्केवारी: ६३ टक्के वाचून झाले. आपण कुठे आहोत हे समजते, कथा कुठे घडली हे समजत नाही. पुस्तकाच्या जागेची ही आठवण गेल्यावर मजकूर बदलला तरी पटकन लक्षात येत नाही. 'असेच होते बहुधा' म्हणून आपण पुढे जातो. मला वाटते, गुपचूप बदल खपून जातो त्याचे एक कारण हे वाचनही आहे.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपला लेखक दोन बाजूंच्या दबावात लिहितो. घरचे म्हणतात, आपल्या गोष्टी चव्हाट्यावर का मांडतोस? बाहेरचे म्हणतात, आणखी मांड, आम्हाला हवे तसे मांड. रुखसानाचा शेवट बदलला त्यात या दोन्ही दबावांचा हात होता. नातेवाइकाच्या संशयाने भावाचा प्रसंग सौम्य झाला आणि अनोळखी वाचकांच्या ताऱ्यांनी रुखसानाच्या तोंडी भाषण आले. पूर्वी असा दबाव आला तर लेखकाला निदान उघडपणे काहीतरी करावे लागे. पुस्तक मागे घ्यायचे, माफी मागायची किंवा ठाम राहायचे. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्यावर 'मादोरुबागन' या कादंबरीवरून दडपण आले तेव्हा २०१५ च्या जानेवारीत त्यांनी आपल्यातला लेखक मेला असे जाहीर केले आणि पुस्तके मागे घेतली. ते वेदनादायक होते, परंतु सर्वांना दिसले. त्यामुळेच त्यावर चर्चा झाली, २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहिते झाले. आता लेखकाला जाहीर काहीच करावे लागत नाही. रात्री एक परिच्छेद काढला, फाईल चढवली, सकाळी तक्रार करणाऱ्याला सांगितले, 'कुठे आहे? दाखवा.' वरवर ही सोय वाटते. पण ज्या दबावाची खूण राहत नाही त्याच्याशी लढता येत नाही. उद्या कोणी मराठीतील मुस्लिम कथेचा इतिहास लिहील तेव्हा त्याला वाटेल की या लेखकांना कोणी कधी अडवलेच नाही.

हे भय अवास्तव नाही. छापील पुस्तकांसाठी १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. सगळे देतात असे नाही, तरी तशी अपेक्षा आहे आणि जागा आहे. हा कायदा मुद्रित पुस्तकाचा विचार करून झालेला. फक्त फाईल म्हणून जन्मलेल्या कथासंग्रहाची प्रत कोणत्या फडताळात ठेवली जाते? वाचकाने म्हणावे, मी माझ्या संगणकावर उतरवून ठेवीन, तर २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची जुनी सोयही बंद केली.

मग करायचे काय? मोठ्या कंपन्यांना आपण बदलू शकणार नाही. आपली शिस्त मात्र आपण ठरवू शकतो. स्वतः पुस्तक काढणारा लेखक स्वतःच प्रकाशक असतो, म्हणून प्रकाशकाची जबाबदारीही त्याचीच. मला चार गोष्टी सुचतात.

एक, प्रत्येक ई-पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्राचे पान असावे. अमुक तारखेला मुद्रणदोष काढले, अमुक तारखेला अमुक कथेत बदल केला, एवढे दोन ओळींत. दोन, मुद्रणदोष आणि आशयातला बदल यांत भेद करावा. शेवट बदलला, पात्र बदलले, प्रसंग गाळला, तर ती दुसरी आवृत्ती समजावी आणि मुखपृष्ठावर तसे म्हणावे. तीन, फाईलवर फाईल लिहू नये. जुनी वेगळ्या नावाने ठेवावी, आणि जमल्यास दहा प्रती छापून एखाद्या ग्रंथालयात, एखाद्या महाविद्यालयात द्याव्यात. पुस्तकाला कुलूप लावायचे की नाही हेही प्रकाशित करताना लेखकच निवडतो. ते लावण्यापूर्वी, आपल्या पश्चात हे कोण उघडणार, असा विचार करावा. चार, हे आम्हा परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी. ई-पुस्तकावर लिहिताना ते कोणत्या तारखेला वाचले हे लिहावे. मी लिहिले नव्हते. ती चूक माझी, आणि हा लेख तिचे शुद्धिपत्र समजावे.

लेखकाला आपले लेखन बदलण्याचा हक्क आहे, यात शंका नाही. पण पुस्तक वाचकाच्या हाती गेले की वाचकाचाही एक हक्क तयार होतो. आपण जे वाचले ते होते, असे म्हणता येण्याचा हक्क. आपांना माझ्याकडून तो मिळाला नाही. त्यांनी बरोबर वाचले असताना मी त्यांना शेवटचे पान राहिले म्हणून ऐकवले.

मित्राला मी हे सगळे सांगितले. मागच्या महिन्यात ते आपांकडे आले. आपांनी टॅब्लेट त्यांच्यापुढे ठेवला आणि बजावले, "काही दाबू नका त्यावर, नुसतं वाचा." मित्र वही काढून बसले आणि आपल्याच कथेचे शेवटचे पान, जुन्या कातिबासारखे, अक्षर अक्षर उतरवून घेऊ लागले. एसटीच्या प्रसंगाशी आले तेव्हा ते थांबले. पुन्हा एकदा वाचले. म्हणाले, "हे मीच लिहिलं होतं?"

आपा म्हणाल्या, "होय. आणि मी वाचलं होतं."

कोणता शेवट ठेवायचा हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. पुढच्या आवृत्तीत दोन्ही शेवट तारखांसह देईन, एवढे मात्र त्यांनी आपांना कबूल केले आहे. तोवर आपांनी तो टॅब्लेट वायफायपासून दूर ठेवला आहे.